वॅट राहू द्या, जोर किती ते बोला!

मंडळी, मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला निवृत्त मास्तर. मोटरींवर लिहायचा तुम्हाला काय अधिकार, असं घरचेच विचारतील. पण वाक्याला अर्थ आहे की नाही हे तपासण्यात माझी हयात गेली, आणि मोटर विकणाऱ्यांच्या वाक्यांना हल्ली अर्थ नसतो. म्हणून हा प्रपंच.

गावी थोरल्या भावाला भाताची पोती माळ्यावर चढवायला मोटर हवी होती. पोतं ५० किलोचं. विजेचा भरवसा नाही, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. चार दुकानं फिरलो. "काका, अडीचशे वॅटची घ्या, काहीही उचलेल!" टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर किती, असं विचारलं की समोरचा गप्प. एकजण म्हणाला, "दहा किलो."

अहो, दहा किलो कशावर? त्या डब्यावर छापलं होतं १० किलो-सेंटिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर १० किलो. ५ सेंटिमीटरच्या चाकावर फक्त २ किलो. अर्धा शब्द गिळला की अर्थ असा पाचपट बदलतो.

वॅटचंही तेच. २५० वॅटची मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर तिचा जोर जेमतेम ०.८ न्यूटन-मीटर. तेवढेच वॅट ६० फेऱ्यांवर मिळाले तर जोर ४०! मधल्या गिअरबॉक्समध्ये काही जातो ते वेगळं. म्हणजे फेरे सांगितल्याशिवाय नुसते वॅट सांगणं व्यर्थ.

आता भावाचं गणित. दोर गुंडाळायच्या चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर. ५० किलोला लागतो सुमारे २५ न्यूटन-मीटर जोर. मिनिटाला ३० फेरे धरले तर पोतं सेकंदाला १५-१६ सेंटिमीटर चढेल आणि त्याला ७७ वॅट पुरतील. निम्मी शक्ती मोटर-गिअरमध्ये गेली असं धरलं तरी बॅटरीतून साधारण १३ अँपिअर. त्याला वायर जाड हवी. सुरुवातीच्या हिसक्यासाठी जोर दुप्पट मागावा. सातवीच्या पोराला जमेल इतकंच हे गणित!

आणखी एक चलाखी. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा असतो. तेव्हा जोर सर्वात जास्त, पण करंटही सर्वात जास्त. तशीच ठेवली तर वेटोळं जळतं. सतत काम करताना जोर किती, हे विचारायचं.

"एवढं कोण बघतो? जळली तर दुसरी घ्या," असं मला ऐकवलं गेलं. जळाली तर पैसे शेतकऱ्याचे जातात. आणि पोतं अधांतरी असताना जळाली तर? खाली माणूस उभा असतो हो! वर्म गिअर पुष्कळदा भार धरून ठेवतो, पण त्याच्या भरवशावर जीव टांगू नये; वेगळा ब्रेक हवाच.

माझी मागणी साधी आहे. मोटरीच्या अंगावर चार गोष्टी लिहा: सततचा जोर, त्या वेळचे फेरे, त्या वेळचा करंट, आणि सलग किती वेळ चालेल. लिहीत नसाल तर "काहीही उचलेल" म्हणू नका. आणि गिऱ्हाइकांनो, हे चार आकडे मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नका.

हे चारही आकडे लिहून देणारा दुकानदार तुमच्या गावात असेल तर जरूर कळवा. मी एस.टी.ने येईन.