ताट सगळ्या घराचे



आपल्याकडे बाप्तिस्मा असो, लग्न असो की सणाचे जेवण, अंगाने भरलेल्या मुलाच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येतात. एक मावशी प्रेमाने त्याच्या ताटात आणखी एक कटलेट आणि चमचाभर कुंदा वाढते. शेजारचे काका हसत म्हणतात, "अरे, पुरे आता, दारातून मावायचा नाहीस!" दोघांच्याही मनात माया असते. मूल मात्र मान खाली घालून बसते. आणि घरी गेल्यावर त्यालाच बजावले जाते, "खाणे कमी कर, जरा पळत जा."

आम्ही धर्मग्रामात रविवारचे धर्मशिक्षण वर्ग सांभाळणारे स्वयंसेवक. आमचे म्हणणे साधे आहे. लठ्ठ मुलाने नीट खावे, खेळावे, वेळेवर झोपावे असे वाटत असेल, तर सुरुवात घरातल्या मोठ्या माणसांनी करावी. आठ वर्षांचे मूल किराणा भरत नाही. फ्रिजमध्ये काय असावे, टीव्ही किती वाजता बंद व्हावा, रात्रीचे जेवण केव्हा व्हावे, हे ते ठरवत नाही. जे त्याच्या हातात नाही त्याचा जाब त्याला विचारणे न्यायाचे नाही.

युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले. दक्षिण आशिया अजून याला अपवाद आहे. आपल्या देशात कुपोषण संपलेले नाही, म्हणून तर भरल्या अंगाचे मूल पाहून आजीला समाधान वाटते. तिने टंचाईचे दिवस पाहिलेले असतात. तिला दोष देऊ नये. पण आता घरात डबा भरलेला असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाच-दहा रुपयांना वेफर्सचे पाकीट मिळते, हे तिला समजावून सांगावे.

घराचा प्रभाव किती असतो याचा एक जुना पुरावा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांचे व त्यांच्या पालकांचे तीन गट केले. आहार आणि व्यायामाची शिकवण तिन्ही गटांना सारखीच दिली. पहिल्या गटात मूल आणि पालक या दोघांनी सवयी बदलल्या की दोघांचेही कौतुक होई. दुसऱ्या गटात फक्त मुलाचे होई. तिसऱ्या गटात सवयी बदलण्यासाठी असे कौतुक नव्हते. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. वय-उंचीच्या मानाने जे वजन जास्त होते त्याचे प्रमाण पहिल्या गटातील मुलांमध्ये सरासरी ७.५ टक्क्यांनी घटले होते, तर तिसऱ्या गटात ते १४.३ टक्क्यांनी वाढले होते. शिकवण सारखी असूनही, आईबाबा बरोबरीने बदलले तिथे मुले टिकली.

म्हणून ताट सगळ्या घराचे बदलावे. एकाला भाकरी-भाजी आणि भावाला नूडल्स, असे झाले की पहिल्याला ती शिक्षा वाटते. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. ती घरात आणलीच नाही तर "पिऊ नकोस" म्हणावे लागत नाही. जेवताना सगळ्यांचेच मोबाईल बाजूला राहावेत. शाळकरी मुलाला रोज एक तास धावपळीचा खेळ हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाबाही संध्याकाळी चालायला निघाले तर तो तास सोपा होतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. "जाड्या", "हत्ती" ही नावे गमतीने पडतात आणि मुलाला चिकटून बसतात. ज्याला खेळताना हसतात, ते मूल मैदानावर यायचेच टाळते. ज्याच्या घासावर नजर असते, ते लपून खाऊ लागते. मूल बदलते ते "मला हे जमेल" असा विश्वास वाटल्यावर, आणि तो विश्वास लहान यशातून येतो. आज दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या, तर दोन फेऱ्यांचेच कौतुक करावे. वजनकाट्याचा उल्लेख सगळ्यांसमोर कधीच नको.

काही जण म्हणतात, "आम्हीही लहानपणी सगळे खात होतो, काही झाले नाही." खरे आहे. पण तेव्हा शाळेला पायी जाणे होते, संध्याकाळी गल्लीत खेळ होता, आणि पाकिटातला खाऊ क्वचित मिळे. शिवाय प्रत्येक लठ्ठपणा सवयीतून येत नाही. अनुवंश असतो, कधी आजार किंवा औषधे कारण असतात. म्हणून डॉक्टरांना दाखवावे. वाढत्या मुलाला मनानेच उपाशी ठेवू नये.

उपवासकाळात हे विशेष लक्षात ठेवावे. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झाल्यावर. मुलांवर ते ओझे ख्रिस्तसभेनेच टाकलेले नाही. मग "तुझे वजन जास्त आहे, या उपवासकाळात गोड सोड" असे सांगून त्यागाला शिक्षेचे रूप कशाला द्यावे? त्याग करायचाच तर आईबाबांनी घरातले कोल्ड्रिंक सोडावे.

धर्मग्रामानेही आपला वाटा उचलावा. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अति साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. चर्चच्या आवारासाठी आपण तो स्वतःहून पाळू शकतो. वर्गानंतर वेफर्सऐवजी केळी आणि भाजलेले शेंगदाणे द्यावेत. स्पर्धेचे बक्षीस चॉकलेटऐवजी चेंडू किंवा दोरीउडीची दोरी असावे. मिस्सानंतर अर्धा तास मैदान सर्व मुलांसाठी खुले ठेवावे, आणि संघ पाडताना कोणी शेवटी उरणार नाही हे मोठ्यांनी पाहावे.

प्रभू येशूने बालकांना जवळ घेतले तेव्हा कोणाचे अंग मोजले नाही. आपल्या घरातल्या आणि धर्मग्रामातल्या प्रत्येक लेकराला तेच प्रेम मिळो, आणि त्याच्या आरोग्यासाठी आधी स्वतः बदलण्याचे बळ प्रभू आपल्याला देवो.