बकाल कोपऱ्यांचे फोटो काढणे ही गावाची बदनामी नव्हे

माननीय संपादक,


गेल्या महिन्यात रत्नागिरीतल्या एका छायाचित्र प्रदर्शनासाठी मी भाट्याचे चार फोटो दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्यांतले तीन भिंतीवर नव्हते. सूर्यास्ताचा तेवढा होता. आयोजक भले लोक आहेत, ओळखीचे आहेत. त्यांनी बाजूला नेऊन चहा दिला आणि म्हणाले, "भाऊ, बाहेरगावचे पाहुणे येतात. आपल्याच गावाची अब्रू आपणच चव्हाट्यावर कशाला मांडायची?" मी तिथे वाद घातला नाही. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. पण हा प्रश्न माझ्या तीन फोटोंपुरता नाही, म्हणून हे पत्र.

उतरवलेला पहिला फोटो सुरूच्या मुळांचा. भाट्याच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन सगळ्यांना ठाऊक आहे. सहलीला आलेली मुले तिथेच डबे सोडतात. पण पाण्याच्या बाजूने चालत गेले की कडेची झाडे दिसतात. खालची वाळू लाटांनी ओढून नेलेली, मुळे उघडी, आणि एखादे झाड आडवे पडलेले. माझ्या फोटोतल्या झाडाचा मुळांचा पंजा पुरुषभर उंच आहे. त्यात थर्माकोलचे तुकडे, निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंता, पाण्याच्या बाटल्या आणि लहान मुलाची एक चप्पल अडकली आहे. यातले बरेचसे भाट्यात तयार झालेले नाही. शहराच्या गटारांतून, पुलाच्या कठड्यावरून आणि समुद्रातून ते येते, आणि भरती ते आमच्या दारात आणून टाकते.

ही जागा मी २०१७ पासून वर्षातून दोनदा टिपतो, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळी झाल्यावर. उभा राहण्याची जागा तीच, कॅमेऱ्याची उंची तीच. पहिल्या फोटोत मी आणि पाणी यांच्यामध्ये झाडांच्या चार ओळी आहेत. यंदाच्या फोटोत दोन आहेत. धूप होत असल्याचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो, तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, "पूर्वी इतकी झाडं होती कशावरून?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी तारखा टाकलेले फोटो ओळीने मांडले. त्यांनी ते दोनदा पाहिले, मग शिपायाला बोलावून अर्जावर आवक क्रमांक घालायला सांगितला. पुढे काय व्हायचे ते होईल, पण सूर्यास्ताचा फोटो नेला असता तर तो क्रमांकही मिळाला नसता.

थिबा पॉइंटवरून दिसणारे आमचे गाव मलाही प्रिय आहे. काजळी नदीचे रुंद पात्र, पूल, माडांची हिरवी रेघ आणि पलीकडे समुद्र. शेकडो वेळा मी ते टिपले असेल. ज्या राजाच्या नावाने ती जागा ओळखली जाते त्याचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतले आणि पुढे त्याला इथे आणून ठेवले; १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. इतक्या सुंदर देखाव्यासमोर एका माणसाने तीस वर्षे कैदेत काढली, हे तिथे उभे राहिल्यावर माझ्या मनातून जात नाही. त्या उंचीवरून खाडीच्या मुखाशी साचलेला गाळ दिसत नाही, दिसते ती फक्त पाण्याची चकाकी. त्या गाळापायी राजिवड्याच्या होड्या भरतीची वाट पाहत खोळंबतात, आणि पाण्याचा अंदाज चुकला तर जिवावर बेतते. तोच फोटो होडीतून, पाण्याच्या पातळीवरून काढून पाहावा.

दुसरा फोटो एका घराचा. मालकांची नावे सांगणार नाही, कारण सातबाऱ्यावर ती अठरा आहेत आणि त्यातले बहुतेक मुंबई-पुण्यात आहेत. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे पडवी. घर गणपतीला उघडायचे, पाच दिवस गजबजायचे आणि पुन्हा कुलूप. एका वर्षी शाकारणी राहिली. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; चार कौले सरकली तरी पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरते. जांभा टिकतो, पण त्यामधली माती धुऊन जाते. मग रिपा कुजतात, वाशांना वाळवी लागते, आणि एका रात्री माजघराचे छप्पर खाली बसते. माझ्याकडे या घराचे सहा पावसाळ्यांचे फोटो आहेत. शेवटच्यात देवघराच्या कोनाड्यातून पिंपळ आलाय. टिळक आळी, राम आळी या जुन्या वस्तीतून हिंडताना अशी घरे मला अजून दिसतात. ती पडली की तिथे इमारत येते, आणि दोन वर्षांत तिथे काय होते ते शेजाऱ्यालाही आठवत नाही. (तिसरा फोटो पुलाच्या खांबाशी साचलेल्या निर्माल्याच्या पिशव्यांचा. त्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.)

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. पडझडीचे फोटो काढणारे सगळेच गावाच्या काळजीने काढत नाहीत. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये ती सात लाखांवर आली. त्या काळात जगभरचे छायाचित्रकार तिथे गेले आणि ओस नाट्यगृहांचे, ओस रेल्वे स्थानकाचे देखणे फोटो काढून परतले. त्या फोटोंत माणूस जवळजवळ नव्हताच. तिथे राहणारे चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता. शहरात सात लाख माणसे नांदत असताना ते मेल्यासारखे दाखवणे हे खोटेच.

आपल्याकडेही हे झाले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतले. पुढे कित्येक महिने लोक गाड्या करून येत होते, गंजत्या जहाजासमोर सेल्फी काढत होते. फोटो सुरेखच यायचे. पण कॅमेरा थोडा वळवला असता तर समुद्राने खाल्लेला किनारा आणि त्यामागची राहती घरे दिसली असती. तेवढा कॅमेरा फारच थोड्यांनी वळवला.

म्हणून स्वतःपुरते काही मी पाळतो. फोटोखाली ठिकाण आणि तारीख लिहितो. कुणाच्या दारातला फोटो त्याला विचारल्याशिवाय काढत नाही. आणि त्या जागी पुन्हा जातो. पुन्हा न जाणाऱ्याला ऱ्हास दिसतच नाही, त्याला पडलेली भिंत दिसते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वर्षानुवर्षे त्यांच्यात जाऊन-येऊन. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला म्हणून मुंबईची बदनामी झाली नाही. २०१६ मध्ये देशाने त्यांना पद्मश्री दिली.

पर्यटक येणार नाहीत ही भीती मी समजू शकतो. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्याचे घर त्यावर चालते. पण पाहुणा फोटो पाहून येतो आणि किनारा पाहून जातो. मुळांत अडकलेले थर्माकोल त्याला दिसतेच, आपण भिंतीवरून उतरवले म्हणून ते किनाऱ्यावरून उतरत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. भाट्ये, राजिवडा, मांडवी इथल्या जुन्या घरांतून लग्नाचे, सहलीचे, गणपतीचे आल्बम पडून आहेत. त्या फोटोंत माणसांच्या मागे किनारा आहे, बन आहे, पडवी आहे. दमट हवेने ते एकमेकांना चिकटू लागले आहेत. या पावसाआधी ते बाहेर काढा, मागे पेन्सिलीने साल आणि जागा लिहा आणि मोबाइलवर एकेक प्रत करून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. बन कुठपर्यंत होते ते त्यांनाच नेमके सांगता येते.

आपला,
एक वाचक, भाट्ये (जि. रत्नागिरी)