विश्लेषण : गरोदरपणात रुबेलाच्या रुग्णाशी संपर्क आला तर काय करावे?

मोठ्या मुलाला आणायला पाळणाघरात गेल्यावर तिथल्या एका बाळाला ताप आणि पुरळ असल्याचे कळते. आई स्वतः दोन महिन्यांची गरोदर असते. खारघरसारख्या तरुण कुटुंबांच्या वसाहतीत हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी घबराट आणि दुर्लक्ष, दोन्ही महागात पडतात.

धोका कधी सर्वाधिक?
रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मुलांमध्ये तो सौम्य असतो. पण गरोदर महिलेला झाल्यास विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग झाला तर बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष किंवा गर्भपात असे परिणाम होऊ शकतात. २० आठवड्यांनंतर हा धोका फारच कमी होतो.

आजच्या गरोदर महिला सुरक्षित आहेत का?
महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, ती ९ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी. २००३ च्या अखेरीपूर्वी जन्मलेल्या मुली त्यात आल्याच नाहीत. आज पंचविशी-तिशीत असलेल्या महिला याच पिढीतल्या. अनेकींना लहानपणीच रुबेला होऊन गेलेला असतो, काहींनी खासगीरीत्या एमएमआर लस घेतलेली असते. मात्र खारघरमध्ये गावोगावाहून येऊन स्थायिक झालेल्या अनेकींचे लसीकरणाचे कार्ड माहेरीच राहिलेले असते. त्यामुळे आठवणीपेक्षा रक्तचाचणी भरवशाची.

चाचणी केव्हा करावी?
ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार एकाच खोलीत १५ मिनिटे किंवा समोरासमोर आलेला संपर्क महत्त्वाचा मानला जातो. मेट्रोच्या फलाटावर कोणी शेजारून गेले, एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. रुग्ण पुरळ येण्याच्या आठवडाभर आधीपासूनच संसर्ग पसरवतो. म्हणून पुरळाची वाट न पाहता, संपर्क कळताच प्रसूतितज्ज्ञांना फोन करून आयजीजी आणि आयजीएम चाचण्या कराव्यात. संपर्कानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात आयजीजी आढळले आणि आयजीएम नसेल, तर प्रतिकारशक्ती आधीपासूनची आहे. दोन्ही नसतील तर साधारण महिन्याने पुन्हा चाचणी आवश्यक. अनेकांना लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे ‘पुरळ आले नाही’ म्हणून ही दुसरी चाचणी टाळू नये.

आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे गर्भपात?
नाही. आयजीएम चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. एका अहवालावर निर्णय घेऊ नये. पुन्हा नमुना, अ‍ॅव्हिडिटी चाचणी, गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी, हा क्रम असतो. संसर्ग निश्चित झाल्यास गर्भवैद्यक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपाताची तरतूद २०२१ च्या सुधारित कायद्यात आहे.

लस कधी घ्यावी?
गरोदरपणात नाही. प्रतिकारशक्ती नसल्यास प्रसूतीनंतर घ्यावी. स्तनपानाला अडचण नाही. लस घेतल्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी. नकळत गरोदरपणात घेतली गेली तरी ते गर्भपाताचे कारण ठरत नाही. घरातील मोठ्या मुलाला लस दिल्याने गरोदर आईला धोका नसतो. उलट तिचे संरक्षणच होते.

देशाने २०२६ पर्यंत गोवर-रुबेला निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. मुलांना दोन डोस देण्याबरोबरच लग्नानंतरच्या पहिल्याच तपासणीत रुबेलाची प्रतिकारशक्ती पाहिली, तर पाळणाघराच्या दारातली ती घालमेल टळेल.