कोल्हापूरचे वायल्डर आणि युटाचे ‘एल्डर’

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथून एक घोषणा झाली. मॉर्मन पंथाने, म्हणजेच ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ने, धर्मप्रचारासाठी बाहेर पडू इच्छिणाऱ्या मुलींची किमान वयोमर्यादा एकोणीसवरून अठरावर आणली. मुलांसाठी ती २०१२ पासूनच अठरा होती. आपल्याकडील वृत्तपत्रांनी या बातमीची फारशी दखल घेतली नाही आणि त्यात नवलही नाही. या पंथाशी कोल्हापूरकरांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु परक्या देशात जाऊन धर्म सांगणाऱ्या विद्यार्थ्यांची जी मोठी लाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून उठली, तिच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा होता, हे कळल्यावर तो प्रश्न इतक्या सहजपणे विचारता येत नाही.

प्रथम हे तरुण कोण आणि ते करतात काय, हे पाहू. आज जगभर या पंथाचे ऐंशी हजारांहून अधिक प्रचारक काम करीत आहेत आणि त्यांतील बहुतेक जण विशीच्या आसपासचे आहेत. मुले दोन वर्षे, मुली दीड वर्ष. कोणत्या देशात जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते; ते पत्राने कळविले जाते. त्यांना वेतन नाही. उलट अमेरिकेसारख्या देशांतील प्रचारकाने अथवा त्याच्या कुटुंबाने दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते. २०२० मध्ये ती चारशे डॉलरवरून पाचशेवर गेली. छातीवर काळी पाटी, तिच्यावर आडनाव आणि आडनावाआधी ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’. ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा. मिसरूड नुकतेच फुटलेल्या मुलास वडीलधारा म्हणण्यातील गंमत त्यांच्या लक्षात येत नसावी; आपल्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

दिनक्रम कडक असतो. सकाळी लवकर उठणे, व्यायाम, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास आणि मग दिवसभर भेटीगाठी. नेमून दिलेल्या जोडीदाराला सोडून एकट्याने कोठेही जायचे नाही. प्रेमप्रकरणांना सक्त मनाई. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू तर पंथालाच वर्ज्य. म्हणजे चहाचा कप पुढे करून पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या आपल्या घरांत यांची पहिली अडचण उंबरठ्यावरच व्हायची. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यासाठी मोकळा. आईवडिलांना दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून केवळ दोनदा, नाताळात आणि मातृदिनी, असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम सैल होऊन आठवड्याला एकदा बोलण्यास परवानगी मिळाली. एकोणीस वर्षांचे पोर परमुलखात आजारी पडले, खचले, तरी आईचा आवाज ऐकण्यास नाताळाची वाट पाहत होते, ही गोष्ट अगदी अलीकडची आहे.

या शिस्तीतून बाहेर पडलेल्यांत सर्वांत परिचित नाव २०१२ मधील अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचे. १९६६ ते १९६८ या काळात ते फ्रान्समध्ये प्रचारक होते. मद्याचे घर असलेल्या देशात मद्यवर्ज्य पंथाचा प्रचार! दारे तोंडावर आपटली जाण्याचा अनुभव त्यांना भरपूर आला. जून १९६८ मध्ये ते चालवीत असलेल्या मोटारीला समोरून येणाऱ्या गाडीने धडक दिली. त्या अपघातात मिशनच्या प्रमुखांच्या पत्नी मरण पावल्या आणि रॉम्नी स्वतः गंभीर जखमी झाले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. अशा दोन वर्षांत फ्रान्सचे किती धर्मांतर झाले, हा प्रश्न गौण आहे. रॉम्नी मात्र पक्के झाले. बाहेरच्यांना पंथात आणण्यापेक्षा आपल्याच मुलांना पंथात घट्ट रुजविणे हे या साऱ्या खटाटोपाचे खरे फलित आहे, असे माझे मत आहे. नकार पचविण्याची सवय, परकी भाषा आणि जोडीदाराशी जुळवून घेण्याची सक्ती, यांतून माणूस घडतो. तो कोणासाठी घडतो, हा वेगळा प्रश्न.

मॉर्मन पंथाचा महाराष्ट्राशी आलेला पहिला संबंध आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. पंथाची स्थापना १८३० ची. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला. तेथील इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठविली. तो पुण्यास गेला, तर लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचने करू दिली नाहीत. मूठभर लोकांची एक शाखा त्याने कशीबशी उभी केली. तीत प्रामुख्याने युरोपीयच होते. १८५६ पर्यंत या पंथाचे भारतातील सारे प्रचारक परत गेले होते. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना गोऱ्या प्रचारकाची अडचण झाली, हे आजच्या वादात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे बंगळुरू येथे या पंथाचे स्वतंत्र मिशन स्थापन होण्यास १९९३ साल उजाडले.

योगायोग असा की त्याच १८५२ साली रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकी मिशनरी अहमदनगरहून कोल्हापुरास आले. संस्थानच्या राजधानीत, अंबाबाईच्या गावात, त्यांचे स्वागत झाले असेल अशी कल्पना करण्याचे कारण नाही. वायल्डर यांनी शाळांवर भर दिला. त्यावरून त्यांचे मातृसंस्थेशीच बिनसले, कारण शाळांवर पैसा घालण्यापेक्षा देशी भाषेत प्रवचने करावीत, असे बोस्टनच्या धुरीणांचे मत होते. वायल्डर हटले नाहीत. काही काळ त्यांनी स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले. धर्मांतरे मोजकीच झाली. शाळा मात्र उरल्या. वायल्डर मेमोरियल चर्च आणि इस्थर पॅटन हायस्कूल ही नावे आजही कोल्हापूरकरांच्या तोंडी आहेत. त्यांमागची माणसे कोण होती, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही.

या वायल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. प्रकृतीच्या कारणास्तव वडिलांनी मायदेशी परतायचे ठरविले तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे प्रिन्स्टन येथे शिकताना त्याने परदेशी मिशनकार्यात रस असलेल्या विद्यार्थ्यांचे मंडळ काढले. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे अडीचशेच्या आसपास विद्यार्थी जमले असता त्याने तेथे परदेशी जाण्याची शपथ मांडली आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी ती घेतली. त्यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही चळवळ उभी राहिली. तिच्याद्वारे पुढील अर्धशतकात सुमारे वीस हजार तरुण-तरुणी जगभर गेल्या. मॉर्मनांची प्रचारक पाठविण्याची प्रथा याहून जुनी आणि स्वतंत्र आहे, हे मान्य. परंतु विशीतील सुशिक्षित मुलाने धर्मासाठी देश सोडावा, ही कल्पना अमेरिकी महाविद्यालयांत रुजविली ती कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या मुलाने. वडील रॉयल वायल्डर यांच्या मनात पुन्हा कोल्हापुरास येण्याचे होते. १८८७ मध्ये निघण्याच्या तयारीत असतानाच न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. पत्नी आणि मुलगी ग्रेस मात्र परत आल्या.

याच कोल्हापूर मिशनमध्ये १८८९ साली विल्यम वॉन्लेस हा चोवीस वर्षांचा कॅनडियन डॉक्टर दाखल झाला. १८९४ मध्ये त्याने मिरजेत रुग्णालय उभारले. पुढे वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. मिरजेस आज वैद्यकीय नगरी म्हणून जी ओळख आहे तिचा पाया तेथे आहे. तो जवळजवळ चाळीस वर्षे या भागात राहिला. सांगली-मिरज रस्त्यावरील वॉन्लेसवाडीचे नाव त्याच्याच आडनावावरून पडले. दोन वर्षांची मुदत भरून परतणारा आजचा ‘एल्डर’ आणि चाळीस वर्षे राहणारा वॉन्लेस यांत केवळ काळाचे अंतर नाही. एक बोलण्यासाठी येतो, दुसरा काही करण्यासाठी आला होता. सेवेमागचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, असा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मिशनऱ्यांनी तो कधी लपविलाही नाही. पण हेतू तराजूत टाकताना शस्त्रक्रियाही टाकावी लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी हा हिशेब मोकळ्या मनाने केला होता. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जी वसतिगृहांची मालिका उभी केली, तीत मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत वसतिगृहांबरोबरच १९१५ चे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते. त्या नगरीत जून २०२३ मध्ये मोबाइलवरील मजकुरावरून दंगलसदृश स्थिती निर्माण झाली, याची खंत कोणत्याही कोल्हापूरकरास असणारच.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. राज्यघटनेचे १९ वे कलम ‘नागरिकांना’ भाषणस्वातंत्र्य देते. धर्मस्वातंत्र्याचे २५ वे कलम मात्र ‘सर्व व्यक्तींना’ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. घटनाकारांनी हा शब्द अजाणता वापरला असे मानणे कठीण. परंतु १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे स्पष्ट केले. त्यातच परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश मिळणे हा तिचा हक्क नव्हे; ती व्हिसाची मेहेरबानी. म्हणजे घटनेने दिलेले स्वातंत्र्य विमानतळावरील खिडकीपाशी आकसते.

याचे प्रत्यंतर २०२० मध्ये आले. तबलिगी जमातच्या कार्यक्रमासाठी आलेल्या परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदविले गेले. पर्यटन व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला, असा आरोप होता. त्याला करोनाच्या भीतीची जोड होती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे ताशेरे ओढले. मशिदीत जाणे, प्रवचन ऐकणे आणि प्रचार करणे यांतील सीमारेषा कोठे, हे पोलीस ठाण्यातील अंमलदाराने ठरवायचे, असा तो प्रसंग होता.

त्याहून गमतीची गोष्ट आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची. ‘ओसीआय’ कार्ड बाळगणाऱ्या परदेशस्थ भारतीयांनी मिशनरी, तबलिगी, गिर्यारोहण किंवा पत्रकारिता यांपैकी काही करायचे असल्यास विशेष परवानगी घ्यावी, असे केंद्र सरकारने मार्च २०२१ च्या अधिसूचनेत नमूद केले. धर्म सांगणारा आणि हिमालय चढणारा एकाच पंक्तीत! न्यू जर्सीत वाढलेला एखादा मराठी मुलगा हरिनामाचा प्रचार करीत पंढरपुरात आला तर तो ‘मिशनरी’ ठरेल काय? त्या अधिसूचनेत या शब्दाची व्याख्या नाही. व्याख्या नसलेला नियम सर्वांना सारखा लागू होत नाही. ज्याचा धर्म अधिकाऱ्यास परका वाटतो त्याला तो अधिक लागतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीची धर्मांतरे आणि तथाकथित ‘लव्ह जिहाद’ यांबाबत कायदेशीर उपाय सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये असे कायदे केले होते. उत्तर प्रदेशच्या कायद्यात तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांस कळवावे, अशी तरतूद करण्यात आली. फसवणूक, धाकदपटशा किंवा लालूच दाखवून केलेले धर्मांतर निंद्य आहे आणि त्यास शिक्षा असावी, याविषयी दुमत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून चमत्काराची ग्वाही देणाऱ्या प्रचारकाची कीव करण्याचे कारण नाही. मात्र अर्ज आणि पूर्वसूचना यांचा जाच फसविणाऱ्यास होत नाही. तो ज्याने विचारपूर्वक निर्णय घेतला त्याला होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर आधुनिक काळातील सर्वांत मोठे धर्मांतर कोणा परदेशी मिशनऱ्याने घडविलेले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह ती प्रत्यक्षात आणली. मधली एकवीस वर्षे अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्याकडे येऊन गेले. निर्णय त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने केला. त्या समुदायातील प्रत्येकाने साठ दिवस आधी कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा, असा नियम तेव्हा असता तर काय झाले असते? ज्या माणगाव परिषदेत मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलेच. हा प्रश्न या जिल्ह्याने तरी विचारायलाच हवा.

राहता राहिला तो काळ्या पाटीचा मुलगा. सरकारने त्याच्यापुरते एक काम करावे. मिशनरी व्हिसावर काय करता येते, पर्यटन व्हिसावर काय करता येत नाही, प्रार्थनेस हजर राहणे आणि दार ठोठावून पुस्तक देणे यांत कायदा कोणता फरक करतो, हे साध्या भाषेत, सर्व धर्मांना एकच मजकूर लागू होईल अशा रीतीने प्रसिद्ध करावे. मग तो युटाहून येवो, जकार्ताहून येवो अथवा न्यू जर्सीहून. दार उघडायचे की नाही, हे घरातले ठरवतील.