पिस्तुलांचे तक्ते आणि दहा दिवसांचा हिशेब

१/
राजूरच्या परिसरात आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो की, भिंतीला अडकवलेल्या कोयत्यावर तेलाचा हात फिरवला नाही तर पात्यावर गंज धरतो. लोखंड कोणत्या कारखान्याचे, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. शेवटचे तेल कधी लावले, एवढेच विचारतात. इतिहासप्रेमी तरुणांमध्ये हिरिरीने फिरणाऱ्या ‘ब्राउनिंग श्रेष्ठ की बेरेटा’ छापाच्या तक्त्यांना नेमका हाच साधा प्रश्न सुचलेला नाही.

२/
राजूरजवळच्या देवगावचे राघोजी भांगरे ज्या काळात इंग्रजांशी झुंजले, त्या काळी दारू ओली झाली की बंदूक म्हणजे काठी. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या कारागृहात फाशी दिली गेली. त्याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. मधल्या बासष्ट वर्षांत दारू, गोळी आणि ठिणगीचा मसाला हे तिन्ही पितळी काडतुसात बंद झाले होते. खिशात मावणारे, आठवडेच्या आठवडे भरून ठेवता येणारे पिस्तूल शक्य झाले ते या काडतुसामुळे. तक्त्यांमध्ये मात्र काडतुसाला रकानाच नसतो!

३/
नाशिकचे उदाहरण घ्यावे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. १९०९ च्या पूर्वार्धात ती मुंबईस पोहोचली. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला हार्बिन स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन क्रांतिकारकाने इतो हिरोबुमी यांना मारले, तेही ब्राउनिंगनेच. यावरून तक्तेकार निष्कर्ष काढतात : ब्राउनिंग दगा देत नाही.

४/
ब्राउनिंगच्या १९०० च्या नमुन्यात नळीच्या वर बसवलेली एकच स्प्रिंग दोन कामे करते : मागे गेलेली स्लाइड पुढे आणते आणि फायरिंग पिनला जोरही देते. रचना सुटसुटीत आणि हुशारीची. पण ती एक स्प्रिंग थकली की काडतूस नीट चढत नाही आणि चढले तरी ठोका क्षीण बसतो. शस्त्र नवे असेल, काडतुसे कारखान्यातून आलेली ताजी असतील, तर हा दोष दिसण्याचे कारणच नाही. नाशिकची पिस्तुले देशात येऊन वर्षही झाले नव्हते. तेव्हा ‘ब्राउनिंगची विश्वासार्हता’ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यात नवेपणाचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडायचा?

५/
आणि पिस्तूल चालणे म्हणजे हेतू साधणे नव्हे. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. हत्यार चालले, गोळी लागलीही; पण ती खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वाचले. हा निकाल कोणत्या रकान्यात लिहायचा?

६/
आता या तक्त्यांचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक दाखला : १९४८. ‘२० जानेवारीला रिव्हॉल्व्हर नादुरुस्त होते म्हणून कट फसला, ३० जानेवारीला बेरेटा होते म्हणून साधला.’ हे वाक्य ऐकायला सुबक आहे आणि इतिहास म्हणून खोटे आहे.

७/
वस्तुस्थितीचा निम्मा भाग खरा, हे मान्य केलेच पाहिजे. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीनुसार २० तारखेच्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हरांची चाचणी झाली. गोपाळ गोडसेच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट बसेना. दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचलीच नाही. मग तेलाची बाटली आणि चाकू मागवून दुरुस्ती सुरू झाली. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी भांडारातला कर्मचारी; शस्त्राला तेल लागते हे त्याला कोणी शिकवायला नको होते. पण लपवलेले हत्यार उघड्यावर खोलून पुसता येत नाही, आवाजाच्या भीतीने झाडून पाहता येत नाही, काडतुसे मिळतील तिथून घ्यावी लागतात. गुप्तता आणि निगा यांचे मुळातच वैर आहे.

८/
रिव्हॉल्व्हरची थोरवी अशी सांगतात की एक काडतूस फुसके निघाले तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. स्वयंचलित पिस्तुलात स्लाइड हाताने ओढावी लागते. हे खरेच आहे. पण चक्राची खाच नळीसमोर बिनचूक आली नाही तर ही थोरवी तिथेच संपते. बेरेटाचा १९३४ चा नमुना इटालियन सैन्यासाठी घडवलेला : सुटे भाग थोडे, सात काडतुसांची मॅगझिन, वरून उघडी स्लाइड, त्यामुळे रिकामी पुंगळी अडकण्याचा संभव कमी. ग्वाल्हेरला मिळालेले ६०६८२४ क्रमांकाचे पिस्तूल तीन वेळा चालले. यंत्र म्हणून ते चांगले होते, याबद्दल वाद नाही.

९/
वाद ‘म्हणून’ या शब्दाबद्दल आहे. २० तारखेला संध्याकाळी कट फसला तो चक्र अडल्यामुळे नव्हे. बिर्ला भवनाच्या मागच्या खोलीत शिरून जाळीतून गोळी झाडायला बडगे ऐनवेळी कचरला. मदनलाल पाहवाने स्फोट घडवला आणि तो जागीच पकडला गेला. बाकीचे पळाले. म्हणजे त्या संध्याकाळपासून एक आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता आणि त्याने करकरेचे नाव व पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला होता. २१ तारखेला मुंबईत प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी मोरारजी देसाई यांना पाहवाविषयी ठाऊक असलेले सांगितले. ग्वाल्हेरचे पिस्तूल तेव्हा मारेकऱ्यांच्या हाती आलेलेही नव्हते. ते आले २८ जानेवारीला.

१०/
आणि हे सारे दिल्ली-मुंबईपुरते नव्हते. विष्णू करकरे याच अहमदनगर जिल्ह्याचा. शहरात त्याचे ‘डेक्कन गेस्ट हाउस’. पाहवा निर्वासित म्हणून याच जिल्ह्यात वावरलेला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात रावसाहेब पटवर्धनांच्या नगरमधल्या सभेत त्याने दंगा केला होता. ही नावे पोलिसांना अनोळखी नव्हती. न्या. जीवनलाल कपूर आयोगाचा १९६९ चा अहवाल माहिती असूनही तपास कसा रेंगाळला याचीच पाने भरून नोंद करतो. बेरेटाच्या स्लाइडवर प्रबंध लिहिणाऱ्या किती जणांनी तो उघडला असेल?

११/
पिस्तुलाला ‘इतिहास घडवणारे’ म्हटले की ज्याने चाप ओढला तो अर्धा सुटतो आणि ज्यांनी दहा दिवस घालवले ते पूर्ण सुटतात. हत्येचे श्रेय गार्दोनेच्या कारखान्याला देणारा तक्ता निरुपद्रवी छंद वाटतो, पण तो फौजदारी प्रश्नाचे रूपांतर अभियांत्रिकी कुतूहलात करतो. शिवाय रकाने भरता भरता नाशिकचा राजकीय लढा आणि प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र वृद्धाची हत्या एकाच यादीत शेजारी शेजारी येतात, आणि कोणाला काही खटकतही नाही.

१२/
बडगेच्या त्याच साक्षीत आणखी एक तपशील आहे, जो कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. झाडीत रिव्हॉल्व्हर दुरुस्त होत असताना वनखात्याचे तीन रखवालदार तिथे आले. मंडळींनी हत्यारे लपवली. रखवालदारांनी चौकशी केली, उत्तर ऐकले आणि ते निघून गेले.