घटसर्पाची लस आणि सशाचं नाक

चाकण पट्ट्यातल्या ससेपालकांना एक स्वयंभू मार्गदर्शक लाभले आहेत. त्यांचं शास्त्र सुटसुटीत आहे. ससा शिंकतो तो एमआयडीसीच्या धुळीनं. जंतू मानायचाच असेल, तर तो पाश्चुरेला. गुरांच्या घटसर्पाचाही तोच. म्हणून गोठ्यातली उरलेली लस सशाला टोचा. तेवढ्यानं भागलं नाही, तर घरातली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाजा. तपासणी म्हणजे शहरी चोचले!

धुळीचं आधी उरकू. धूळ नाक चुरचुरवते. पण पुवासारखा शेंबूड आणि तो पुसून पुसून चिकटलेली पुढच्या पायांची लव, हे धुळीचं काम नव्हे.

आता ती लस. पाश्चुरेला मल्टोसिडा हे नाव एकच, हे खरं. पण या जंतूचे कवचावरून ए, बी, डी, ई, एफ असे पाच गट पडतात, शिवाय वेगळ्या वर्गवारीनं सोळा उपप्रकार. आपल्याकडच्या गाईम्हशींना घटसर्पानं आडवं करतो तो बी-२. पावसाळ्याआधी गुरांना टोचली जाते ती लस त्याच्याच विरुद्ध. सशाच्या नाकात सहसा सापडतो तो ए गटातला, कधी डी. लस ज्या प्रकाराची, संरक्षण मुख्यतः त्याच प्रकारापासून. म्हणजे आपण पहारा बसवला एका दारावर आणि चोर आला दुसऱ्या दारानं. बरं, नाकात प्रत्येक वेळी पाश्चुरेलाच असेल, हे तरी कुणी ठरवलं? बोर्डेटेला असेल, स्टॅफिलोकॉकस असेल, स्यूडोमोनस असेल. बोर्डेटेलावरून जुना वाद आठवतो. ‘ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात सुखानं नांदतात’ असं सांगणारे तेव्हाही होतेच. ससा नांदतो, पण तोच जंतू गिनीपिगच्या फुप्फुसात गेला की गिनीपिग मरतो. तेव्हाही उत्तर तयार होतं: हवा बदलली! यांच्या हवेला बदलण्यावाचून दुसरा उद्योगच नाही.

कॅप्सूलबद्दल तर काय बोलावं! पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात सरकारी पेनिसिलिन बनू लागलं. त्या गावाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तरी औषधाची वाट ठाऊक हवी. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सशाला तोंडावाटे दिलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतं आणि ससा जुलाबानं जातो. शिंक थांबते, हे मात्र कबूल.

मग करायचं काय? पशुवैद्याकडून नाकातला स्वॅब घ्या, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करा, मगच औषध. नवा ससा काही आठवडे वेगळा ठेवा. धडधाकट दिसणाराही जंतू वाहत असतो. पिंजऱ्याखालचा ट्रे रोज काढा, कारण मुताच्या अमोनियानं श्वासनलिकेचं अस्तर भाजतं आणि जंतूला वाट मोकळी होते. ससा नाकानंच श्वास घेतो. नाक चोंदलं की त्याचा जीव घुसमटतो.

एवढ्यानं सगळे ससे बरे होतील, असं मी म्हणत नाही. पाश्चुरेला एकदा मुरली की पुरती निघत नाही. पण कोणत्या जंतूशी गाठ आहे, हे विचारणं म्हणजे चोचला असेल, तर न विचारता टोचणं याला काय म्हणायचं, ते मार्गदर्शकांनीच ठरवावं.