सुपरमॅन नक्की कुणाचा?

सप्टेंबरात जेम्स गनने पुढच्या सुपरमॅन सिनेमाची घोषणा केली आणि आमच्या ग्रुपवर जुलैत कसंबसं थांबलेलं भांडण पुन्हा पेटलं. नवा सिनेमा ‘मॅन ऑफ टुमॉरो’, तारीख ९ जुलै २०२७. भांडणाचा विषय मात्र जुनाच. लाल चड्डी.

हसू नका. जगभरचे फॅन्स यावरून अक्षरशः तलवारी काढून बसलेत. आम्ही तर फक्त चौघे. ११ जुलै २०२५ ला गनचा ‘सुपरमॅन’ आला, तेव्हा सुरतला जाऊन हिंदीतला शो पाहिला (मराठीत तो आलाच नाही, तमिळ-तेलुगूत आला) आणि परतीच्या गाडीत नंदुरबार स्टेशन येईपर्यंत भांडलो. शेजारच्या बाकावरच्या मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही की ही पोरं कोणाच्या चड्डीवरून एवढी तापलीत.

तर प्रकरण असं. १९७८ मध्ये रिचर्ड डॉनरचा ‘सुपरमॅन’ आला. ख्रिस्तोफर रीव्ह, निळा पोशाख, वरून लाल चड्डी, जॉन विल्यम्सचं संगीत. २०१३ मध्ये झॅक स्नायडरने ‘मॅन ऑफ स्टील’ केला. त्याने रंग काळवंडवले, चड्डी काढली आणि शेवटी सुपरमॅनच्या हातून खलनायकाची मान मोडली. काहींना हे बंड वाटलं, काहींना पाप. आता गनने चड्डी परत आणली. तो सांगतो की त्याचा स्वतःचाच निर्णय होत नव्हता, शेवटी नायक डेव्हिड कोरेन्स्वेटने त्याला पटवलं. डोळ्यांतून आग ओकणाऱ्या परग्रहवासीयाला लहान मुलांनी घाबरू नये असं वाटत असेल, तर तो कुस्तीगिरासारखा रंगीत पोशाखच घालेल ना! मला हे कारण फार आवडलं. धाक वाटू नये म्हणून थोडं हास्यास्पद दिसायलाही तयार असलेला शक्तिमान माणूस. आपल्याकडचे किती शक्तिमान लोक असं करतील?

आमच्यातला शहाद्याचा मित्र कट्टर स्नायडरवाला. त्याच्या मते गनने नॉस्टॅल्जिया विकला. जुनं संगीत घेतलं, जुनी चड्डी घेतली, एक कुत्रा टाकला, झालं. दुसरा म्हणाला, ‘‘ओरिजिनल सुपरमॅन असाच होता भो, तुले काय समजस?’’

इथे मला थांबावंसं वाटतं. आमच्यापैकी कोणीही १९७८ पाहिलेलं नाही. अहो, आमचा जिल्हाच १ जुलै १९९८ चा आहे! रीव्हचा सुपरमॅन आम्ही टीव्हीवर हिंदीत, जाहिरातींच्या मधे-मधे पाहिला. ते प्रसिद्ध संगीत आम्हाला रील्सवरून माहीत झालं. म्हणजे ज्या आठवणीसाठी आम्ही भांडतोय ती मुळात आमची नाहीच, उसनी आहे. स्टेशन रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात ‘ओरिजिनल’ चार्जर म्हणजे जो जास्त महाग तो. फॅन्सचं ‘ओरिजिनल’ही तसंच. जो आपण आधी पाहिला तो.

खरं मूळ शोधायचं तर १९३८ पर्यंत जावं लागतं. जेरी सीगल आणि जो शुस्टर, ज्यू स्थलांतरितांची दोन मुलं, यांनी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आणला. आणि त्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं! तो फक्त लांब उड्या मारायचा. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवायचा, लाचखोर पुढाऱ्याला धरायचा, खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत उतरवायचा. ‘मूळ सुपरमॅन’वाल्यांना हा मूळवाला दाखवला तर ते म्हणतील, हा कोण नवीन?

नुसत्या जुन्या आठवणींवर सिनेमा चालत नाही, हे २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने दाखवलं होतं. ब्रायन सिंगरने रीव्हच्या दुसऱ्या सिनेमापासून गोष्ट पुढे नेली, तेच संगीत वापरलं, २००४ मध्ये वारलेल्या मार्लन ब्रँडोचं जुनं चित्रीकरणही. सुमारे ३९ कोटी डॉलर मिळाले, पण खर्च एवढा होता की पुढचा भाग निघालाच नाही. ‘मॅन ऑफ स्टील’ने ६६ कोटींच्या वर कमावले आणि गनच्या सिनेमाने ६० कोटींच्या वर. त्यामुळे आता स्नायडरवाले म्हणतात ‘आमचा जास्त’, गनवाले म्हणतात ‘काळ बघा, सुपरहिरोंचा बाजार उतरलाय’. आकड्यांवरून हे भांडण मिटणार नाही, सोडून द्या.

त्याहून वाईट प्रकार २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये झाला. त्यात रीव्हचा चेहरा संगणकावर बनवून पडद्यावर उभा केला. तोही २००४ मध्येच गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून हे केलं, पण अनेक फॅन्सना ते बघवलं नाही. गनने याच्या उलट केलं. रीव्हचा मुलगा विल खऱ्या आयुष्यात टीव्ही पत्रकार आहे, त्याला छोट्याशा भूमिकेत टीव्ही पत्रकार म्हणूनच उभं केलं. ज्याला माहीत आहे त्याला कळतं, बाकीच्यांचं काही अडत नाही. माझ्या मते नॉस्टॅल्जिया करायचाच तर असा करावा.

आणि आता मालेगाव. धुळ्याच्या पुढे, मुंबई-आग्रा रस्त्यावर. यंत्रमागांचं गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथे दोस्तांना घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला. गब्बरच्या टोळीला घोडे परवडले नाहीत म्हणून डाकू सायकलवर आले. (घोडे हवे होते तर आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेला यायचं ना!) नंतर आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन कोण, तर यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान शफीक शेख. हिरव्या कापडासमोर आडवा करून त्याला उडवला. फैजा अहमद खान यांनी या सगळ्या उद्योगावर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो देशोदेशीच्या महोत्सवांत गाजला. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला तो या मंडळींवरच. थिएटरात फार चालला नाही, पण ज्याने पाहिला तो सहजी विसरणार नाही.

आता सांगा, हे कॉपी की ओरिजिनल? पोशाख उचललेला, नाव उचललेलं, छातीवरचा ‘एस’सुद्धा उचललेला. तरी हॉलिवूडच्या साऱ्या सुपरमॅनांत मला हाच सगळ्यात नवीन वाटतो. कारण नासिरभाईंना १९७८ ची नक्कल हुबेहूब करता येणं शक्यच नव्हतं. क्रेन नाही, पैसा नाही, दणकट हिरो नाही. जिथे जिथे नक्कल जमली नाही, तिथे तिथे मालेगाव आत शिरलं. गनकडे सगळं आहे, म्हणून त्याला ठरवून नवीन काहीतरी करावं लागतं.

ते त्याने केलंही, आणि माझ्या मते खरं भांडण चड्डीवर नाही, इथे आहे. (सिनेमा अजून पाहिला नसेल तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडा.) सुपरमॅन लहान असताना त्याचा ग्रह नष्ट झाला, आईबापांनी त्याला एकट्याला पृथ्वीवर पाठवलं आणि सोबत एक निरोप दिला. १९७८ मध्ये ब्रँडोने साकारलेला बाप त्याला जगाचं भलं करायला सांगतो. नव्या सिनेमात या निरोपाचा अर्धा भाग खराब झालेला असतो. तो सापडतो तेव्हा कळतं की आईबापांनी त्याला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलं होतं. शेवटी सुपरमॅन तो निरोप बाजूला ठेवतो आणि शेतकरी पालक आईबापांसोबतच्या बालपणीच्या व्हिडिओंत समाधान शोधतो. तुम्ही कोण आहात हे रक्त नाही, तुमचं वागणं ठरवतं.

मला हा बदल जबरदस्त वाटला. जुन्याला हात लावायची हिंमत हीच की! गाडीत मी तसं बोललेही. आमच्यातला चौथा मित्र तोवर गप्प होता. तो तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत वाढला. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, त्यातलं एक त्याच्या आजोबांचं. तो म्हणाला, ‘‘ज्याचं गावच पाण्यात गेलं, त्याच्याजवळ आजा-बापाने सांगितलेलं तेवढंच उरतं. यांनी तेपण खोटं करून टाकलं.’’

आम्ही तिघंही जरा वेळ काही बोललो नाही.

तो १९७८ च्या संगीतासाठी हळवा होत नव्हता. त्याने तो जुना सिनेमा पूर्ण पाहिलेलाही नाही. त्याला जे जपायचं होतं ते कुठल्या स्टुडिओचं नव्हतं. गन एका मुलाखतीत म्हणाला होता की सुपरमॅन ही बाहेरून आलेल्या स्थलांतरिताची गोष्ट आहे, त्यावर अमेरिकेत केवढा गदारोळ झाला. आपल्याकडे दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याहून ऊसतोडीला गाड्या भरून गुजरातकडे निघतात, कुणाची पोरं आजीजवळ राहतात, कुणाची सोबत जातात. इथल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण म्हणूनच त्याला तिचा कुठला भाग बदललेला चालेल आणि कुठला नाही, हे अमेरिकेतल्या फॅनपेक्षा वेगळं असणार.

मी अजूनही म्हणते की बदल करायलाच हवा होता. नाहीतर परत तोच ग्रह, तोच स्फोट, तोच पाळणा किती वेळा बघायचा? गनने तो सगळा भाग वगळून थेट मधूनच गोष्ट सुरू केली हे उत्तमच. पण मित्राचं बोलणं ऐकल्यापासून मला त्या आईबापांचं राज्य करण्याचं वाक्य जरा सोपं वाटायला लागलंय. प्रेक्षकाला धक्का द्यायला आईबापांना वाईट ठरवणं ही काही फार नवीन युक्ती नाही. तीच गोष्ट अधिक अवघड करता आली असती. निरोप खराबच राहिला असता, पुढे काय लिहिलंय ते त्याला कधीच कळलं नसतं, तर? आमच्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘‘हे चाललं असतं. आमच्याकडे असंच झालंय.’’

‘मॅन ऑफ टुमॉरो’त सुपरमॅन आणि त्याचा वैरी लूथर यांची गोष्ट असणार आहे. आईबापांच्या निरोपाचं पुढे काय होतं ते पाहायला आम्ही चौघे पुन्हा सुरतला जाणार, हे नक्की. शहाद्याच्या मित्राशी पैज लागली आहे. गनने चड्डी काढली तर तिकिटं माझ्याकडून, राहिली तर त्याच्याकडून. चौथा म्हणाला, ‘‘मले काय, मी फुकट पाहीन.’’